नर्स टिकली नाही त्या गावात

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं आणि दोनदा वाचलं. गावातल्या बायकांना आरोग्याचं शिकवायला तू बैठक घेतेस. वहीत बावीस जणींची नावं, बैठकीला येतात सात-आठ. त्यातली एक दाराशीच बसते आणि मधूनच उठून जाते. तू तक्ते केलेस, चित्रं काढलीस, घसा कोरडा पडेपर्यंत बोललीस, तरी बायका गप्पच. शेवटी तू विचारलंस की जामखेडच्या आरोग्य प्रकल्पात गावातल्या बायकांना नेमकं काय शिकवतात आणि तो अभ्यासक्रम मिळेल का.

अभ्यासक्रम मिळेल. पण तो तुझ्या हाती पडण्याआधी तो कसा घडला हे तुला कळलं पाहिजे. तो कागदावर आधी तयार नव्हताच. पहिली योजना फसली, तेव्हा तो सापडला.

हा प्रकल्प उभा केला तो आरोळे दांपत्याने. डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. डॉ. मेबल यांच्याशी त्यांची ओळख वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाली. १९६० साली लग्न झालं. मग काही वर्षं दोघं नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथे त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. आज बरं करून घरी पाठवलेलं मूल महिन्याभराने तेच दुखणं घेऊन परत येतं. हगवण, खरूज, कुपोषण, बाळंतपणातला धनुर्वात. यातलं बहुतेक घरीच टळण्यासारखं. पुढे ते अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला आले. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. कायम दुष्काळी तालुका. अहिल्याबाईंचं चौंडी याच तालुक्यात आहे. त्या काळी तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ पहिला वाढदिवस बघत नव्हती. सहामागे एक. गावात प्रत्येक घराला ते माहीत होतं, फक्त आकडा माहीत नव्हता.

त्यांची मूळ योजना शहाण्या माणसाला सुचेल तशीच होती. गावोगावी शिकलेली नर्स नेमायची, तिने तिथेच राहायचं, लोकांना शिकवायचं. ही योजना चालली नाही. नर्सेस गावात टिकेनात आणि लोक त्यांचं ऐकेनात.

इथे मी जरा थांबते, कारण मी तशीच एक नर्स होते. जामखेडला नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या संस्थेत. वय बावीस. पाटलांच्या वाड्यातली एक खोली मला राहायला दिली होती. राहण्याची सोय उत्तम झाली असं सगळ्यांना वाटलं, मलाही. त्या ओट्यावर वेशीबाहेरच्या वस्तीतली एकही बाई चढणार नाही हे कुणी मला सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. सकाळी मी तक्ता टांगायची. समोर पाटलांच्या सुना आणि चार शाळकरी मुली. एका रात्री वस्तीत एक बाळंतीण गेली. मी दोनशे पावलांवर झोपले होते. मला हाक मारावी असं त्या घरातल्या कुणाच्या मनातही आलं नाही. साडेचार महिन्यांत मी राजीनामा दिला आणि ‘लोक अडाणी आहेत’ असं घरी सांगत राहिले. ते वाक्य विसरायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून तुझ्या पत्रातलं ‘बायका बोलतच नाहीत’ वाचून मी अस्वस्थ झाले.

आरोळ्यांनी नर्सेसना दोष दिला नाही आणि गावालाही नाही. तोवर त्यांचं गावात जाणं-येणं वाढलं होतं. संध्याकाळी डॉक्टर पोरांबरोबर आणि बाप्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचे. दवाखान्यात न येणारा माणूस मैदानात यायचा, आणि जाळीच्या एका बाजूला उभे राहिले की कोण कुठल्या आळीचा हे मागे पडायचं. खेळ संपला की तिथेच गप्पा व्हायच्या. त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. आरोग्याचं नाव नंतर निघालं, आधी निघालं पाण्याचं आणि धान्याचं. १९७२ च्या दुष्काळात तर दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं. पोरांसाठी गावानेच स्वयंपाकघरं चालवली. विंधनविहिरी घेताना, जमिनीखाली पाणी लागेल तिथेच पण शक्यतो दलित वस्तीत जागा धरली गेली. मग सवर्ण बाईला घागर घेऊन त्या वस्तीत यावं लागलं आणि तिथल्या बाईशेजारी रांगेत उभं राहावं लागलं. याच्यावर कुणी भाषण दिलं नाही. हापसा तेवढा बसवला.

अशाच बोलण्यात एका गावच्या सरपंचांनी सुचवलं की बाहेरची नर्स कशाला, आमच्याच एखाद्या बाईला शिकवा की. आज हे सोपं वाटतं. तेव्हा दोन उच्चशिक्षित डॉक्टरांना ते सांगितलं जात होतं, आणि त्यांनी ते ऐकलं. जामखेडच्या सगळ्या इतिहासात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे मिळालेला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मला त्यापुढे लहान वाटतो.

गावांनी बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, पोक्त. कित्येक दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून ठरल्या दिवशी त्या जामखेडला मुक्कामाला यायच्या, आणि आता तू ज्याला अभ्यासक्रम म्हणतेस तो सुरू झाला. पहिला धडा म्हणजे स्वतःचं नाव सांगणं. हसू नकोस. अमक्याची बायको, तमक्याची आई, अमुक गावची, इतकं त्या सांगायच्या. आपलं नाव चारचौघांत घ्यायला जीभ वळत नव्हती. जिला आपलं नाव मोठ्याने घेता येत नाही, ती सावकाराच्या सुनेला ‘बाळाला पहिलं चिकाचं दूध पाज, टाकून देऊ नकोस’ हे कसं सांगणार?

दुसरा धडा जेवणाचा आणि झोपण्याचा. सुरुवातीला जातीप्रमाणे वेगळं बसणं होतंच. ते हळूहळू सरलं. रात्री जमिनीवर, एकाच मोठ्या पांघरुणाखाली सगळ्या झोपायच्या. तिथे कुणाच्या कुशीत काय बोललं गेलं असेल, ते कुठल्याही तक्त्यात मावणारं नाही. सकाळी शिकवायचं काम डॉक्टर करायचे हे खरं, पण पुढे मी स्वतः जामखेडला गेले तेव्हा जे पाहिलं ते असं. मागच्या आठवड्यात शिकलेलं एकजण सांगे, दुसरी तिला अडवी, तिसरी आपल्या गावात तसं का घडलं नाही ते सांगे. जुलाबात पाणी बंद करायचं नाही, उलट साखर-मिठाचं पाणी पाजत राहायचं, ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले होते. तिथे ती मला एका म्हातारीने शिकवली. आपल्या सासूला कसं पटवलं, तिच्याशी भांडण कसं झालं, आणि पोर वाचल्यावर सासूच शेजारी जाऊन कशी सांगू लागली, इथपर्यंत. ती म्हातारी बोलत असताना दोन डॉक्टर आणि चार नर्सेस खाली बसून ऐकत होत्या. पुढे कुष्ठरोग्यांची वेगळी वसाहत न करता इतर रुग्णांसारखेच त्यांना वागवायचं ठरलं, तेव्हा गावागावात ते पटवून देणं याच बायकांनी केलं.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेतून सुटते. जामखेडहून एक फिरतं पथक गावात यायचं. डॉक्टर, नर्स, समाजसेवक. हे पथक त्या बाईची परीक्षा घ्यायला येत नसे. सगळ्या गावासमोर डॉक्टर आधी तिला विचारायचे, तुझं काय म्हणणं? तिच्या हाताने काम व्हायचं, श्रेय तिच्या नावावर जायचं. पुढारीपण तिच्या अंगी आधीपासून असेलही. पण गावाला ते दिसलं, कारण मोठ्या माणसाने एक पाऊल मागे घेतलं. तुझ्या संस्थेचे साहेब गाडीतून येतात तेव्हा गावातली बाई कुठे उभी असते? एकदा नीट बघ.

नुसता साचा उचलला तर काय होतं, तेही आपल्या देशाने पाहिलं आहे. १९७७ साली सरकारने गावोगावी आरोग्य रक्षक नेमले. तीन महिने प्रशिक्षण, मग महिना ५० रुपये. कागदावर जामखेडची बहीण शोभावी अशी योजना. पण नेमले गेले ते बहुतेक पुरुष, पुष्कळदा पुढाऱ्यांच्या शिफारशीने, आणि तीन महिन्यांनंतर त्यांच्याबरोबर बसणारं कुणी नव्हतं. ती योजना विरली. जामखेडला मात्र त्या बायका दर आठवड्याला येतच राहिल्या, वर्षानुवर्षं. प्रशिक्षण ‘संपलं’ असं कुणी म्हटलंच नाही. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात जगभरच्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या पुस्तकात जामखेडची कहाणी छापली होती. पंचवीस वर्षांत त्या गावांतला बालमृत्यूचा आकडा १७६ वरून तिशीच्या खाली आला. पुढे तिथे प्रशिक्षणाची रीतसर संस्था झाली, परदेशातून लोक शिकायला येऊ लागले. त्यांनाही त्या बायकांसमोर बसवतात हे मला फार आवडतं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. त्यांची मुलगी आणि मुलगा काम पुढे नेत आहेत.

तू तरुण आहेस, तुला घाई असणार. तुला तीन वर्षांची फेलोशिप आहे आणि दर तिमाहीला अहवाल द्यायचा आहे. अहवालात ‘संबंध प्रस्थापित केले’ असं पहिल्या तिमाहीत लिहून दुसऱ्या तिमाहीत ‘प्रशिक्षण सुरू’ असं लिहायची पद्धत आहे. मला ती पद्धत मान्य नाही. संबंध म्हणजे प्रशिक्षणाआधीची मशागत आहे असं धरून चाललीस की तुझं लक्ष सतत पुढच्या पेरणीकडे राहील, आणि समोरच्या बाईला ते लगेच कळेल. आपल्याशी कुणी कामापुरतं बोलतंय हे बायकांना फार लवकर कळतं.

तेव्हा पुढचे दोन महिने तक्ते कपाटात ठेव. बैठक शाळेच्या खोलीत भरवतेस, ती तिथून हलव. कुणाच्या पडवीत घ्यायची ते त्यांना ठरवू दे, पण एक अट तुझी असू दे. पाळीपाळीने प्रत्येक आळीत व्हायला हवी, आणि ज्या आळीत असेल तिथलं पाणी तू सगळ्यांदेखत प्यायला हवंस. कुणी यायची बंद होईल. होऊ दे, तिच्या घरी वेगळी जा, रागावू नकोस. बैठकीत तू तीनच प्रश्न विचार आणि उत्तराची घाई करू नकोस. शांतता पसरली की तुला ती भरून काढावीशी वाटते, हे मला माहीत आहे, तू माझ्याकडे होतीस तेव्हाही तसंच करायचीस. एखादीने काही सांगितलं तर पुढच्या वेळी तेच तिला पुन्हा सांगायला लाव, नवीन आलेल्यांसाठी. दुसऱ्यांदा सांगताना माणूस शिकवायला लागतो. शाबासकी जपून दे. शाबासकी देणारा वर बसतो.

आणि पैशाचा विषय टाळू नकोस. जामखेडच्या त्या बायका पगारी नव्हत्या. त्यांना बांगड्या विकणं, शेळ्या पाळणं अशा उद्योगांना हात दिला गेला, म्हणजे गावात त्यांचा मान पगारावर अवलंबून राहिला नाही. आजच्या काळात बाईचं काम फुकट घेणं मला पटत नाही आणि तुलाही पटू नये. सरकारी योजनेत गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई मोर्चे काढतात ते योग्यच आहे. तेव्हा तुझ्या गावात काय रास्त होईल ते त्यांच्याशीच बोल, उघड, आकड्यांसकट. जिथे पैशाचं बोलता येत नाही तिथे अजून विश्वास बसलेला नाही असं समज.

मी जामखेडच्या मंडळींना कळवते, तुला आणि तुझ्या गावातल्या दोघीजणींना तिथे चार दिवस राहता येईल का म्हणून. तू एकटी जाऊ नकोस. आणि त्या दोघी कोण ते तू ठरवू नकोस.

एक राहिलं. सात-आठ जणींपैकी पाच जणींची नावं तू पत्रात लिहिली आहेस. दाराशी बसते तिचं लिहिलेलं नाहीस. ती अर्ध्यातून का उठते? घरी म्हशीचं दूध काढायची वेळ होते, की सासू वाट बघते, की आत येऊन बसायला तिला कुणी सांगितलंच नाही? उद्या तिच्या घरावरून जा. नाव विचार, आणि मला कळव.

तुझ्या
बाई