नस, नाडी, धमनी आणि पोकळ बोरू

कराडला नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे : “वर्गात सर ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ म्हणतात, पुस्तकात ‘धमनी’ आणि ‘शीर’ छापलंय, वॉर्डातले पेशंट सरसकट ‘नस’ म्हणतात. बरोबर काय? आणि पेशंटला समजावताना मी काय म्हणू?”

रोहिणी म्हणजेच धमनी, हृदयाकडून रक्त नेणारी नळी; नीला म्हणजेच शीर, ते हृदयाकडं परत आणणारी. पण आधी ‘नस’, कारण या शब्दानं माझं डोकं उठवलंय. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, मिशनचं इस्पितळ तिथं १८९४ पासून. पण मिरजेच्या रिक्षातही हेच ऐकू येतं : हृदयाची नस चोंदली, मानेची नस दबली, पायाची नस चढली, सलाईनला नस सापडंना. यातली पहिली धमनी, दुसरा मज्जातंतू, तिसरा नुसता पेटका आणि चौथी शीर. उपचार चारी तऱ्हेचे, शब्द मात्र एक! ‘दुखरी नस’ वाक्प्रचारात राहू द्या, केसपेपरवर नको.

‘शीर’ सगळ्यांना कळतो. मानेच्या शिरा ताणून भांडणारे आपल्याकडं कमी नाहीत.

आता रोहिणी-नीला. सातारा जिल्ह्यातच, वाईला ज्याचा संसार वाढला त्या मराठी विश्वकोशानं ही जोडी वापरली, म्हणून ती शिरसावंद्य मानणारे पुष्कळ आहेत. मी मानत नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, सिरांचे (शिरांचे) चार रंग येतात : वाताच्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. म्हणजे त्याच्या लेखी नीलेतून पित्त जातं! आधुनिकांनी चारांतल्या दोघी उचलल्या, नवी कामं दिली आणि उरलेल्या दोघींना घरी बसवलं. बरं, रोहिणी म्हणजे तांबडी. नक्षत्रातला तारा तांबूस म्हणून त्याचंही नाव तेच. पण हृदयाकडून फुप्फुसाकडं जाणाऱ्या ‘रोहिणी’त प्राणवायू कमी असलेलं, काळपट रक्त असतं आणि फुप्फुसाकडून परत येणाऱ्या ‘नीले’त लालभडक. रंगावरून नाव ठेवलं की अशी फजिती होते. शिवाय निळं रक्त माणसात नसतंच, शीर कातडीखालून तशी दिसते एवढंच.

म्हणून माझं मत ‘धमनी’ला. धातू ‘ध्मा’, म्हणजे फुंकणं. लोहाराचा भाता करतो ते ध्मान. पण रक्ताच्या नळीत फुंकर कुठून आली? गंमत अशी की ग्रीकांनाही हेच वाटलं होतं. त्यांचा ‘आर्टेरिया’ हा शब्द श्वासनळीलाही चालायचा, आणि त्यांचा इरॅसिस्ट्रेटस हा वैद्य तर धमन्यांत हवाच असते असं मानायचा. मेलेल्या शरीरात धमन्या बहुतेक रिकाम्या सापडतात, कारण त्यांच्या लवचीक भिंती आवळतात आणि रक्त शिरांकडं सरकतं. धमन्यांत रक्तच असतं हे पुढं गेलन या ग्रीक वैद्यानं दाखवलं.

इथं आमचे एक वैद्यस्नेही अंगावर येतात. चरकाचं वचन आहे, ‘ध्मानाद्धमन्यः स्रवणात् स्रोतांसि सरणात् सिराः’. त्यातलं ध्मान म्हणजे ‘भरणं’, फुंकणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण भरणंच सांगायचं होतं तर चरकाला ‘पूरण’ शब्द ठाऊक नव्हता काय? आणि मनगटावर बोट ठेवून बघा. मुठीएवढं हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतं, भिंत फुगते, पुन्हा आवळते आणि दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढं रेटत राहते. ही फुंकरच झाली! वय, तंबाखू, मधुमेह यांनी भिंत ताठरली की हे फुगणं कमी होतं आणि वरचा दाब चढतो. शिरांना असला ठोका पोचत नाही. त्यांचं रक्त पोटऱ्यांचे स्नायू पिळून वर चढवतात, मधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात दिवसभर उभं राहणाऱ्याचे पाय सुजतात ते यामुळं. चालणाऱ्याचे कमी सुजतात.

मिनिटाला सुमारे ५ लिटर हा हिशेब, म्हणजे अर्ध्या तासात दीडशे! एवढं नवं रक्त शरीर बनवणार कुठून? तेच फिरून येत असलं पाहिजे, हा विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरचा १६२८ मधला युक्तिवाद.

हार्वे राहू द्या, खरी मेजवानी पुढं आहे. अमरकोशात वनस्पतींच्या वर्गात ‘नडस्तु धमनः’ असं आहे. नड म्हणजे पाणथळीचा पोकळ बोरू आणि धमन हे त्याचंच दुसरं नाव, तेही ‘ध्मा’वरूनच. नडापासून नाडी, धमनापासून धमनी! दोन्ही शब्द एकाच बोरूच्या बेटातले. ‘अंगात धमक आहे’ मधली धमकही ‘ध्मा’चीच लेक, असा माझा तर्क आहे. ती नुसत्या धमधम आवाजावरून आली म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

हाच अमर दुसरीकडं ‘नाडी तु धमनिः सिरा’ म्हणत तिघींना एका ओळीत बसवतो. ‘नस’वाले उद्या तो श्लोक माझ्यापुढं धरतील. धरू द्या. अमर पर्यायशब्दांचा कोश रचत होता, त्याला सलाईन लावायचं नव्हतं.

हो, पेशंटला काय म्हणायचं ते राहिलंच. ‘हृदयाला रक्त पुरवणारी नळी’ म्हण. कळतं, आणि नळीही नडाच्याच कुळातली आहे. पेपरात मात्र सर म्हणतील ते लिही, मार्क त्यांच्या हातात आहेत.