ताऱ्याचा मध्य नेमका कुठे?

प्रश्न : पन्हाळ्यावरून मी मृग नक्षत्राची छायाचित्रे काढली आणि प्रत्येक ताऱ्याचा सर्वांत तेजस्वी पिक्सेल हाच त्याचा मध्य मानून काक्षी आणि राजन्य या त्यातील दोन ताऱ्यांमधील कोन मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकाच रात्रीच्या छायाचित्रांतही हा कोन दर वेळी थोडा वेगळा येतो. उपग्रह आपला रोख ताऱ्यांवरूनच ठरवतात असे वाचले आहे. त्यांना हा मध्य इतका अचूक कसा सापडतो? अधिक रेखीव प्रतिमा देणारी लेन्स घेतली तर माझे काम भागेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लेन्सचा खर्च तूर्त करू नये. उपग्रहावरील स्टार सेन्सरमध्ये, म्हणजे ताऱ्यांवरून रोख ठरवणाऱ्या कॅमेऱ्यात, फोकस बहुधा मुद्दामच किंचित बिघडवलेला असतो, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

काक्षीसारखा अवाढव्य ताराही आपल्यापासून इतका दूर आहे की आकाशात तो एका विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाच्या, दहाव्या हिश्शाहूनही लहान दिसतो. २० अंश रुंदीचे आकाश १०२४ पिक्सेलांवर टिपणारा कॅमेरा घेतला, तर त्याच्या एकेका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ७० विकला येतात. ताऱ्याचा सगळा प्रकाश जर एकाच पिक्सेलमध्ये पडला, तर तो त्या चौकोनात डावीकडे पडला की उजवीकडे, हे कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. ६०० किलोमीटर उंचीवरून सरळ खाली पाहणाऱ्या उपग्रहाच्या रोखात ७० विकलांची चूक झाली, तर जमिनीवरचा नेम सुमारे २०० मीटर ढळतो. याउलट तोच प्रकाश तीन बाय तीन किंवा पाच बाय पाच पिक्सेलांवर पसरला, तर शेजारच्या पिक्सेलांमध्ये तो कोणत्या प्रमाणात वाटला गेला यावरून पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत, आणि चांगल्या उपकरणात त्याहूनही बारकाईने, मध्य काढता येतो. अर्थात पसरवण्यालाही मर्यादा आहे, कारण प्रत्येक पिक्सेल स्वतःची थोडी खरखर मिसळत असतो आणि फार पातळ पसरलेला मंद तारा त्या खरखरीत बुडून जातो.

मध्य काढण्याची सर्वांत सोपी रीत शाळेत शिकलेल्या गुरुत्वमध्याचीच आहे : प्रत्येक पिक्सेलच्या क्रमांकाला त्याच्या तेजाने गुणावे, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण तेजाने भागावे. समजा, ४१ ते ४५ या पाच पिक्सेलांच्या एका ओळीत २०, ६०, १४०, १०० आणि ३० असे आकडे मिळाले. आपल्या प्रोग्रॅमप्रमाणे ताऱ्याचा मध्य ४३ वर येईल. पण यातले प्रत्येकी २० हे ताऱ्याचे नसून काळ्या दिसणाऱ्या आकाशाचे आणि कॅमेऱ्याचे आहेत. ते वजा केल्यावर ०, ४०, १२०, ८०, १० उरतात आणि मध्य येतो ४३.२४. वजाबाकी विसरून हाच हिशेब केला तर उत्तर ४३.१७ येते, कारण पाचही पिक्सेलांवर सारखी पसरलेली पार्श्वभूमी मध्याला चौकटीच्या मधोमध ओढत राहते. हा फरक पिक्सेलच्या चौदाव्या भागाएवढा, म्हणजे पाचएक विकलांचा आहे. ६०० किलोमीटरांवरून तो सुमारे १४ मीटर होतो.

माझ्या मते या विषयात सूत्रापेक्षा पार्श्वभूमीकडेच अधिक लक्ष द्यावे लागते. पन्हाळ्याहून टिपलेल्या चित्रात कोल्हापूरच्या दिव्यांची आभा ज्या बाजूला येते, ती बाजू उघडच अधिक उजळ असते. तेव्हा संपूर्ण चित्रातून एकच आकडा वजा केल्यास एका कोपऱ्यातले तारे ठीक मोजले जातील आणि दुसऱ्या कोपऱ्यातले सरकतील. उपग्रहावर चंद्राच्या किंवा पृथ्वीच्या कडेच्या प्रकाशाने हेच घडते. म्हणून प्रत्येक ताऱ्याभोवतीच्या कडेच्या पिक्सेलांवरून तिथली पार्श्वभूमी वेगळी काढणे चांगले.

गुरुत्वमध्याच्या रीतीत एक खोड आहे. तारा पिक्सेलच्या बरोबर मधोमध किंवा दोन पिक्सेलांच्या सीमेवर पडला तर चूक जवळपास शून्य असते. अधेमधे पडला तर ती एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला झुकते. ही चूक ठरावीक पद्धतीने वरखाली होत असल्यामुळे प्रयोगशाळेत आधी मोजून ती नंतर वजा करता येते. प्रकाशाच्या ठिपक्यावर घंटेच्या आकाराचा वक्र बसवण्याची रीत अधिक नेमकी आहे, पण ती संगणकाला जड जाते.

आता आपल्या कॅमेऱ्याविषयी. त्यातील पिक्सेलांवर लाल, हिरवी आणि निळी गाळणी बसवलेली असते, त्यामुळे तांबूस काक्षी मुख्यतः लाल पिक्सेलांवर आणि निळसर राजन्य निळ्या-हिरव्या पिक्सेलांवर उमटतो, आणि दोघांचे मध्य वेगवेगळ्या जाळ्यांवर मोजले जातात. रॉ स्वरूपातील, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाईल घेऊन दोघांसाठी फक्त हिरवे पिक्सेल वापरून पाहावेत आणि फोकस थोडा सैल सोडावा. ताऱ्यांच्या लुकलुकण्याने होणारी हालचाल मात्र जमिनीवरून पूर्णपणे टाळता येणार नाही. अनेक छायाचित्रांची सरासरी घ्यावी.

उपग्रहाला वातावरणाचा त्रास नसला तरी फिरण्याचा असतो. सतत जमिनीकडे तोंड ठेवणारा, ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे ९७ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २२३ विकला वळतो. शटर ०.१ सेकंद उघडे राहिले तरी तारा पिक्सेलच्या तिसऱ्या भागाएवढा ओघळतो. त्या ओघळाचा मध्य हा शटर उघडण्याच्या किंवा मिटण्याच्या क्षणाचा नसून त्यांच्या मधल्या क्षणाचा असतो, आणि मोजमापावर वेळ नोंदवताना हे विसरले तर उत्तम काढलेला मध्यही चुकीच्या क्षणाला चिकटतो.

मध्य हाती आल्यावर ताऱ्यांच्या जोड्यांमधील कोन यादीशी ताडून तारे ओळखले जातात. अशा याद्यांचा एक मोठा आधार म्हणजे १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेले, १९९७ साली प्रसिद्ध झालेले सुमारे १ लाख १८ हजार तारे. ओळखलेल्या सर्व ताऱ्यांशी एकाच वेळी सर्वाधिक जुळणारा रोख कोणता, हा प्रश्न ग्रेस वाहबा यांनी १९६५ साली गणिताच्या भाषेत मांडला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

प्रश्न : कॅमेऱ्यातील बिघडलेला पिक्सेलही चमकतो. उपग्रह त्याला तारा समजत नाही का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : क्वचित समजतोही. परंतु पसरवलेला तारा शेजारचे पिक्सेल उजळतो आणि बिघडलेला पिक्सेल एकटाच चमकतो, एवढ्यावरूनच बहुतेक खोटे तारे गळतात. शिवाय उपग्रह वळला की खरे तारे चित्रात सरकतात आणि हा जागेवरच राहतो. प्रोटॉनच्या आघाताने उमटलेला ठिपका मात्र दोन-तीन पिक्सेल व्यापू शकतो. तो पुढच्या चित्रात नसतो, म्हणून लागोपाठ दोन चित्रे पडताळल्याशिवाय त्याचा निकाल लावत नाहीत.