मॉर्निंग ग्लोरीची पानं खाल्ली गेलीत? वेल उपटू नका

पानांना भोकं किंवा डाग पडले म्हणून वेल गेला असं समजू नका. शेंडा तुटला तरी खालच्या पेरातून नवे फुटवे येतात आणि वेल उलट जास्त दाट होतो. त्यामुळे लगेच औषध आणायला धावू नका, आधी पान उलटून बघा. बरंच काही तिथेच कळतं.

- कोवळ्या शेंड्यावर चिकट, हिरवे-काळे किडे म्हणजे मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा.
- पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे नाजूक जाळी म्हणजे लाल कोळी, रस शोषणारी अगदी बारीक कीड. कोरड्या, गरम हवेत वाढतो. पानांची मागची बाजू धुवा, मग कडुनिंबाचं तेल फवारा, पण संध्याकाळीच. उन्हात पानं करपतात.
- पानाखाली पांढरे फोड आणि वर पिवळे डाग असतील तर पांढरा तांबेरा, बुरशीसारखा रोग. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. पाणी मुळाशीच घाला.

नवीन लोक सर्वात जास्त चुकतात ते खतात. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानंच पानं, फुलं नाहीत, आणि त्या लुसलुशीत पानांवर मावा हमखास येतो. सहा तास ऊन द्या, खताचा हात आखडता ठेवा.

आणि हो, बिया विषारी असतात, लहान मुलांपासून लांब ठेवा.

छाटणी, बी धरणं वगैरे नंतर बघू. आत्ता फक्त रोज सकाळी दोन पानं उलटून बघत जा.