व्हर्च्युअल टूर: पहिला खर्च पॅनो हेडवर

प्रश्न: मी फोटोग्राफीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे व्हर्च्युअल टूरची कामं घ्यायची आहेत. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आणि १८-५५ लेन्स आहे. साध्या ट्रायपॉडवर काढलेले फोटो जोडले की टेबलाच्या कडा तुटतात. एका क्लिकमध्ये ३६० अंश टिपणारा कॅमेरा घेऊ का?

उत्तर: कडा तुटतात त्यात तुझ्या कॅमेऱ्याचा दोष नाही. साध्या ट्रायपॉडवर कॅमेरा तळाच्या स्क्रूभोवती फिरतो आणि लेन्स त्या अक्षाच्या पुढे राहते. त्यामुळे दर फोटोला लेन्सची जागा बदलते, जवळचं टेबल मागच्या भिंतीवरून सरकल्यासारखं दिसतं. हा पॅरलॅक्स स्टिचिंगमध्ये, म्हणजे फोटो जोडताना, नीट निस्तरत नाही. पॅनो हेड, म्हणजे लेन्सला फिरण्याच्या अक्षावर आणणारा ट्रायपॉडवरचा सरकता जोड, त्यासाठीच असतं.

हेड बसवल्यावर कॅमेरा उभा धरून सरळ खाली रोख. फिरण्याच्या अक्षाचा मध्य स्क्रीनच्या बरोबर मधोमध यायला हवा. मग अर्ध्या मीटरवर एक दोरी टांग आणि ती लांबच्या खिडकीच्या चौकटीशी जुळव. कॅमेरा उजवीकडे वळवल्यावर दोरी चौकटीच्या डावीकडे सरकली, तर कॅमेरा फार पुढे आहे, मागे घे. दोरी हलायची थांबली की पट्टीवरचा आकडा लिहून ठेव. फिशआयमध्ये, म्हणजे फार रुंद कोनाच्या लेन्समध्ये, दोरी न हलण्याची ही जागा कोनानुसार थोडी बदलते, म्हणून चाचणी चित्राच्या मध्यावर न करता दोन फोटोंचा सांधा येतो तिथे कर. एका फेरीत ६ फोटो असतील, तर सांधा मध्यापासून ३० अंशांवर येतो.

दुसरा खर्च ८ मिमी फिशआयचा. त्यात भोवतालचे ६, छताचा १ आणि जमिनीचा १, असे ८ फोटो पुरतात. तुझ्या लेन्सवर १८ मिमीला १२-१२ फोटोंच्या तीन रांगा, वर छत आणि जमीन, म्हणजे ३८ लागतील. ब्रॅकेटिंगचे, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरचे, तीन-तीन धरले तर ११४. सराव म्हणून एकदा कर, पण गिऱ्हाइकाच्या कामात एवढ्या वेळात ऊन सरकतं, माणसं हलतात.

एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल ठेव. ऑटोवर राहिलं तर भिंतीवर उजेडाचे पट्टे उमटतात. एफ/८, आयएसओ १००, रॉ फाइल. खिडकी असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन एक्स्पोजर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ट्रायपॉड साधारण दीड मीटर उंचीवर, आणि दारातून पुढची खोली दिसेल असा ठेव, कारण टूरमध्ये प्रेक्षक तिथूनच पुढे जातो. जोडणीला हगिन हे सॉफ्टवेअर मोफत आहे. जमिनीच्या फोटोतला ट्रायपॉड पुसायला पीटीगुई हे दुसरं सॉफ्टवेअर अधिक सोपं जातं.

एका क्लिकचा कॅमेरा वाईट नाही. रिको थीटा झेड१ ६७२० बाय ३३६० पिक्सेलचं चित्र देतो. घर दाखवायच्या झटपट कामाला ते चालतं. संग्रहालयात मात्र प्रेक्षक वस्तूवर झूम करतो, तिथे ते अपुरं पडतं. शिवाय त्याच्या दोन लेन्समध्येही अंतर असतं, त्यामुळे फार जवळच्या वस्तूंवर सांधा तुटू शकतो. हे यंत्र नंतर घे. आत्ता तीन-चार जोडलेल्या खोल्यांची एक टूर पूर्ण कर, तिच्यातला प्रत्येक सांधा १०० टक्के झूमवर तपास आणि नमुना म्हणून तीच पाठव.