पेंचच्या जंगलावर जमीन-वापराचा परिणाम मोजायला एप्रिलच्या उपग्रह-प्रतिमा पुरतील का?

तुम्ही नागपुरातून भूगोलात एमएस्सी करताय, पेंच व्याघ्र प्रकल्प निवडलाय आणि ढग नसतात म्हणून फक्त एप्रिलच्या प्रतिमा घेताय. मी जमीन-वापराचे नकाशे करते, म्हणून स्पष्ट सांगते: नुसत्या एप्रिलवर भागणार नाही.

आपलं जंगल पानझडी. एप्रिलमध्ये साग पार उघडा असतो, प्रतिमेत तो पडीक रानासारखा दिसतो. उलट ओलिताचं उन्हाळी पीक हिरवंगार. म्हणून ऑक्टोबर, डिसेंबर आणि एप्रिल अशा तिन्ही वेळच्या प्रतिमा घ्या. डिसेंबरात धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, सागावर मात्र अजून पानं असतात. शेत कोणतं नि जंगल कोणतं, हे या फरकातून कळतं. आणि लँडसॅट उपग्रहाच्या जुन्या प्रतिमेशी (तिचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर) सेंटिनेल उपग्रहाची १० मीटरच्या ठिपक्यांची प्रतिमा थेट ताडून पाहू नका. नव्या प्रतिमेत पायवाटा आणि शेतांचे धुरे दिसू लागतात, ते काही नव्याने झालेले नसतात.

तरीही वरून दिसतं ते आच्छादन, म्हणजे जमिनीवर काय आहे ते; माणसं तिथे काय करतात तो वापर नव्हे. मोहाचं घ्या. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी जमिनीलगत पसरत जाते. मोठी झाडं टिकतात, पुढच्या पावसाळ्यात छत्र पुन्हा हिरवं, प्रतिमेत काहीच बिघडलेलं नाही. खाली बसून पाहिलं तर सागाची, तेंदूची हातभर रोपं काळी पडलेली. हे मोजायला पायी फिरावंच लागतं: रोपं किती, ताजे खुंट किती, शेण कुठवर आहे, घाणेरी कुठे शिरली. बफरमधल्या, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतल्या म्हाताऱ्यांशी बोला, गुरं पूर्वी कुठे चरायची ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.

पण सगळा दोष गावांवर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. माझ्या मते पेंचचं रूप सगळ्यात जास्त बदललं ते पेंच नदीवरच्या तोतलाडोहच्या धरणाने. नदीचं खोरंच पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गवत येतं आणि तिथे चितळांचे कळप उतरतात, म्हणजे हा बदल नुसत्या ‘हानी’च्या रकान्यातही बसत नाही. हेच पाणी नागपूरच्या नळांना येतं. तेव्हा शहराचा वापरही तुमच्या अभ्यासात यायलाच हवा, जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ सुद्धा.

कोअर, म्हणजे गाभ्याचा राखीव भाग, आणि बाहेरचा भाग यांची सरळ तुलना फसवते. डोंगरउताराच्या उथळ मातीवर राखीव क्षेत्र नसतं तरी फारशी शेती झाली नसती. सारखी माती, सारखा उतार असलेलेच तुकडे जोडीने निवडा. मातीच्या नकाशांसाठी अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोत चौकशी करा. जंगलात शिरायची परवानगी सिव्हिल लाइन्सच्या वनभवनातून घ्यावी लागते, तो अर्ज आधी टाका.