झोपवून मोज

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जतमधल्या तुझ्या बीटात, म्हणजे तुझ्याकडच्या अंगणवाड्यांत, तू नव्यानं उंच्या घेतल्यास, खुज्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या मुलांची संख्या एकदम वाढली आणि वरून विचारणा झाली, "गेल्या महिन्यात नव्हती, आता कुठून आली?" जुनेच आकडे पुढं चालवू का, असं तू मला विचारतेस! मुळीच नाही. झोपवून मोज. दोन वर्षांखालचं मूल मोजपट्टीच्या पाटावर झोपवायचं, एकीनं डोकं टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ करून तळव्यांना फळी लावायची. एकटीला जमत नाही, म्हणून अंदाजानं लिहिलं जातं.

वजन सगळ्याच घेतात. पण सॅम-मॅम, म्हणजे तीव्र की मध्यम कुपोषण, ठरतं ते लांबीच्या मानानं वजन किती यावर. लांबी दोन सेंटिमीटर कमी लिहिली की वाळलेलं मूल कागदावर धडधाकट होतं. एक वर्षाच्या मुलीची लांबी साधारण ७४ सेंटिमीटर असते, ६९ च्या खाली गेली की ती खुजी. मधल्या पाच सेंटिमीटरात अंदाज कसला करायचा?

मी केला होता. पाटणला, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. दहा महिन्यांची गुटगुटीत मुलगी. आई म्हणाली, आमच्यात सगळेच बुटके. मी हसून मान डोलावली आणि डोळ्यांनीच मोजून आकडा टाकला. सहा वर्षांनी ती शाळेच्या रांगेत दिसली. दीड वर्षानं लहान असलेला भाऊ तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्या दिवशी पाट काढला असता तर तिच्या आईला सांगता आलं असतं, की वरणाच्या पाण्यानं पोट भरतं पण अंग धरत नाही. घट्ट वरणभात दे, अंडं दे, शेंगदाण्याचं कूट घाल. दोन वर्षांपर्यंतच तर हे जास्त करून हातात असतं.

पुढं पर्यवेक्षिका झाल्यावर मी एका अख्ख्या बीटाची रजिस्टरं बाजूला ठेवून सगळी मुलं पुन्हा मोजायला लावली. सेविका चिडल्या. एकीनं माझ्याशी बोलणं सोडलं, ते आजतागायत. त्यांच्यावर कामाचा किती बोजा होता ते मला दिसत होतं. तरी मी चुकले असं मला वाटत नाही. त्या फेरीत सात मुलं सापडली, जी रजिस्टरात "सर्वसाधारण" होती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं खुजी निघाली, ती घरोघरी जाऊन प्रत्यक्ष मोजली म्हणून. मग तुझं बीट कोरं कसं असेल? विचारणा झाली तर तारीख, दोघींच्या सह्या आणि लांबी समोर ठेव. घाबरतेस कशाला? तू मुलं खुजी केली नाहीस, फक्त पाहिलीस.

आणि गळितासाठी साखर कारखान्यावर ऊस तोडायला जाणाऱ्या घरांतली मुलं निघायच्या आधी मोज. तिकडं कोपीवर, ऊसतोड्यांच्या झोपडीत, त्यांना चहात बुडवलेलं बिस्कीट मिळतं, आणि इकडं आपण "स्थलांतरित" लिहून मोकळ्या होतो.

जोडीदारीण मिळत नाही म्हणतेस. पुढच्या मंगळवारी सांगलीहून सकाळच्या एसटीनं येते. डोकं मी धरीन, फळी तू सरकव.

तुझी,
बाई