कीटकांसारख्या परग्रहवासीयांची लढाऊ संस्कृती खरी वाटेल अशी कशी लिहावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मराठीत विज्ञान कादंबरी लिहीत आहात. तिच्यात 'झर्क' नावाचे माणसाएवढे, सहा पायांचे योद्धे आहेत. त्यांचा सम्राट आहे, शौर्याच्या शपथा आहेत, रणगीतं आहेत. माणसांचा एक दुभाषा त्यांच्या कैदेत आहे, आणि तो सम्राटासमोर भाषण करतो. पण कच्चा खर्डा वाचणारे मित्र म्हणतात, ही तर चिलखत घातलेली आपलीच माणसं झाली. काय बदलावं, आणि शेवटी माणसांशी त्यांचा तह कसा घडवावा?

मी विदर्भातल्या वरूड-काटोल पट्ट्यातला शेतकरी. संत्र्याची बाग आहे, थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, असते. विज्ञानकथा मिळतील तिथून वाचतो, आणि किड्यांशी तर रोजचाच संबंध. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझं म्हणणं असं की झर्क का लढतात याचं कारण त्यांच्या शरीरात शोधा. सम्राट, शपथ, झेंडा, पोवाडा या माणसाच्या गरजा आहेत. परक्या माणसासाठी मरायला माणूस सहज तयार होत नाही, म्हणून त्याला अभिमान द्यावा लागतो, पगार द्यावा लागतो, धाक दाखवावा लागतो. मुंगीला यातलं काहीच लागत नाही. मग झर्कांकडे रणगीतं कशाला असतील? त्यांची गाणी, त्यांचे कायदे, त्यांचा देव हे सगळं वेगळ्याच अडचणीतून आलेलं असणार. ती अडचण कोणती हे एकदा ठरलं की बाकीचं आपोआप सुचत जातं.

टोळांपासून सुरुवात करतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिले. मे २०२० मध्ये टोळधाड मध्य प्रदेशातून आमच्याकडे उतरली. मोर्शी, वरूड, आष्टी, काटोल असा तिचा फेरा झाला. दिवसा आभाळात नुसती हलती झालर, आणि खाली थाळ्या-डबे बडवत धुऱ्याधुऱ्यानं पळणारे लोक. दिवेलागणीला ते झाडांवर बसले. बॅटरी मारून जवळून पाहिलं तर एका फांदीवर पान दिसेना, फक्त पंख आणि गुडघे. एकमेकांच्या अंगावर पाय देऊन बसलेले, आणि त्यातून बारीक करकर आवाज. टोळ अंधारात सहसा उडत नाहीत, म्हणून फवारणी रात्री आणि पहाटे चालायची. शेजारचे काका मला म्हणाले, "भाऊ, यायचा म्होरक्या कोनता हाय? त्यालेच मारून टाकू ना."

म्होरक्या नसतोच. तुमच्या कादंबरीतला सम्राट पहिल्यांदा काढा तो इथे. वाळवंटी टोळ हा एरवी एकटा राहणारा, दुसऱ्या टोळाला टाळणारा किडा आहे. पाऊस चांगला झाला की त्यांची संख्या वाढते, मग हिरवळ आटते आणि उरलेल्या तुकड्यावर सगळे दाटीनं येतात. मागच्या पायांना दुसऱ्यांचा सारखा स्पर्श होत राहिला की त्याच्या शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि काही तासांत स्वभाव पालटतो. जो टाळत होता तो घोळक्याकडे ओढला जातो. रंग बदलायला जास्त वेळ लागतो, पण तोही बदलतो. त्याच्या स्थलांतरी टोळ नावाच्या भाऊबंदात हा फरक इतका मोठा की दोन वेगळ्या जाती समजल्या जात होत्या. हा एकच किडा आहे हे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव यांनी १९२१ मध्ये मांडलं, आणि वाळवंटी टोळातला सेरोटोनिनचा भाग २००९ मध्ये पुढे आला.

आता ही गोष्ट झर्कांना लावून पाहा. एरवी प्रत्येक झर्क आपापल्या दरीत, दुसऱ्यापासून लांब, शांत राहणारा. पण ठरावीक संख्येपेक्षा जास्त जण एका जागी आले की त्यांच्या अंगात युद्ध उतरतं, आणि ते उतरल्यावर कोणाच्याच हातात काही राहत नाही. अशा समाजात जत्रा भरणार नाही. बाजार भरला तरी माणसं नसतील, फक्त माल ठेवून जायचं आणि दुसऱ्यानं नंतर येऊन उचलायचा. लग्नाला पाहुणे नाहीत, मयताला खांदेकरी नाहीत. दोन झर्कांमध्ये किती अंतर हवं हा त्यांचा सर्वांत जुना कायदा असेल. सगळं विश्व त्यांना लढवय्ये म्हणून ओळखतं, कारण बाकीच्यांनी त्यांना पाहिलंय ते फक्त गर्दीत. घरातला एकटा झर्क कोणी पाहिलेलाच नाही. युद्ध टाळण्यासाठी ज्यांनी सगळी संस्कृती रचली असे हे लोक मला तुमच्या सम्राटापेक्षा कितीतरी जास्त भीतिदायक वाटतात, आणि जवळचेही वाटतात.

टोळांची आणखी एक गोष्ट आहे. पंख न फुटलेली पिल्लं जथ्यानं चालत निघतात तेव्हा दुरून शिस्तबद्ध पलटण वाटते. अभ्यासकांनी पाहिलं तर एक मोठं कारण असं निघालं की मागचा भुकेला असतो आणि पुढच्याला चावतो. पुढचा त्याच्यापासून पळतो आणि त्याच्याही पुढचा गाठतो. पलटण चालते ती मागच्याच्या जबड्यामुळे. अशा सैन्यात आघाडीवरचा शूर असेल असं नाही. पाठ दाखवणं याचा झर्कांच्या मनात जो अर्थ असेल तो आपल्यासारखा नसेलच. एकमेकांकडे तोंड करून बसणं हा त्यांच्यात आदर, आणि कोणाला आपल्या मागे बसू देणं ही जिवाभावाची मैत्री. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात सेनापती सैन्यासमोर पाठमोरा उभा राहून शत्रूकडे पाहतो असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य ठेवा, पण त्यातून किती मोठं धाडस दिसतं हे वाचकाला आधी कळायला हवं.

दुसरा रस्ता वारुळाचा. उधई, म्हणजे वाळवी, आमच्या बागांची जुनी वैरीण, खोडावर मातीचा थर चढवत येते. पण नागपंचमीला त्याच वारुळावर बाया लाह्या वाहतात, आणि पूर्व विदर्भात पावसाळ्यात वारुळातून उगवणाऱ्या सात्या नावाच्या अळिंब्या लोक आवडीनं खातात, म्हणजे नातं नुसतं वैराचं नाही. वारुळाचा एक टवका उडवला की पहिल्यांदा शिपाई बाहेर येतात. डोकं तांबूस, अंगाच्या मानानं केवढं तरी मोठं, पुढे विळ्यासारखा जबडा. ते कडेनं उभे राहतात, आणि त्यांच्या मागे कामकरी ओल्या मातीचा एकेक दाणा लावत भोक बुजवू लागतात. भोक बुजतं तेव्हा काही शिपाई बाहेरच राहिलेले असतात. मुंग्या तोवर आलेल्या असतात.

या शिपायाला स्वतःच्या तोंडानं खाता येत नाही. जबडा लढण्यासाठी इतका वाढलाय की कामकऱ्यांनी घास भरवावा लागतो. तुमच्या कादंबरीत योद्धे राज्य करतात. मी म्हणतो, योद्ध्याला भरवणारे राज्य करतील. ज्याच्या हातात घास त्याच्या हातात युद्ध थांबवण्याची ताकद, आणि ती वापरायला तलवार लागत नाही, नुसतं एक दिवस तोंड फिरवायचं. झर्कांचं राजकारण इथे उभं करा. भरवणारी आणि तिचा योद्धा यांच्यातलं नातं हे तुमच्या पुस्तकाचं काळीज होऊ शकतं. एक प्रसंग सगळाच्या सगळा त्यावर लिहा: लढाईहून परतलेला योद्धा, आणि त्याला भरवायचं की नाही हे ठरवणारी ती.

योद्धे तरुण पुरुष असावेत हा आपला हट्टही सोडा. मुंग्या आणि मधमाश्यांमध्ये लढणाऱ्या सगळ्या माद्या. आग्या मोहोळ उठलं की जी धावून येते ती मादीच, नराला नांगीच नसते. झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांमध्ये तर वय झालेल्या कामकरी मुंग्या हद्दीवरच्या घरट्यांत राहायला जातात आणि पहिल्यांदा लढतात त्याच. हिशेब सरळ आहे: जिचं काम बरंच करून झालं तिचा जीव धोक्यात घालणं वसाहतीला परवडतं. उधईत मात्र शिपाई नरही असतात नि माद्याही, आणि राणीसोबत राजाही राहतो. झर्क मुंगीच्या वळणाचे केलेत तर सीमेवर आज्या उभ्या करा. म्हातारपण आलं की गावाच्या कडेला राहायला जायचं, हाच त्यांचा संन्यास.

आणि मधमाशी मरते कशासाठी? आपल्याला डसली की तिची काटेरी नांगी कातडीत अडकते, ती जीवानिशी जाते, आणि नांगीजवळ सुटलेल्या वासानं बाकीच्या तिथेच येऊन डसतात. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये या त्यागाचा उलगडा नात्याच्या गणितातून केला. मुंग्या-मधमाश्यांत नर बिनफलित अंड्यातून होतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, म्हणून एका बापाच्या सख्ख्या बहिणींत सरासरी ३/४ जनुकं सारखी पडतात. आईला स्वतःची लेक १/२ नं जवळ, म्हणजे लेकीपेक्षा बहीण जवळची. उधईत हे गणित नाही, तरी ती तशीच जगते, तेव्हा सगळं उत्तर यात आहे असं नाही. पण कादंबरीसाठी एवढं पुरे: झर्क देशासाठी मरत नाही, बहिणींसाठी मरतो. 'राष्ट्र' ही कल्पना त्याला समजावताना तुमच्या दुभाष्याची दमछाक होऊ द्या.

आकाराबद्दल थोडक्यात. किडे अंगावरच्या भोकांतून, बारीक नळ्यांनी श्वास घेतात, आणि ते फार मोठे न होण्याचं हे एक कारण मानलं जातं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता तेव्हा चतुरासारखा मेगान्यूरा हा कीटक होता, त्याच्या पंखांचा पसारा ६५-७० सेंटिमीटर. झर्क माणसाएवढे करायचे तर त्यांना फुप्फुसं द्या, किंवा ग्रहावर प्राणवायू वाढवा. प्राणवायू वाढवलात तर ओलं लाकूडही पेटेल. मग त्यांच्याकडे बंदूक नको, मशाल नको. आगीला ते युद्धातही हात लावणार नाहीत, आणि माणसाचं पहिलं यान जळत उतरेल तेव्हा त्यांना काय वाटेल हे वेगळं सांगायला नको.

कात टाकण्याची गोष्ट विसरू नका. नुकतीच कात टाकलेलं झुरळ घरात कधी दिसलं असेल: पांढरंफटक, मऊ, काही तास हालचाल जपून करणारं. चिलखतवाल्या जातीचा हा सर्वांत उघडा क्षण. झर्क तेव्हा कुठे लपतो, कोणाच्या भरवशावर, आणि शत्रूला ती जागा कळली तर तो काय करतो, यावर त्यांची सगळी नीतिमत्ता उभी राहू शकते. मऊ असलेल्याला मारायचं नाही, हा त्यांचा एकमेव युद्धनियम ठेवा आणि तो कोणीतरी मोडू द्या.

आता तह. त्यासाठी वासाकडे यावं लागेल. मुंगी आपलं-परकं ओळखते ती अंगावरच्या मेणचट थराच्या वासानं. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं की मेलेल्या मुंगीचा वास म्हणजे प्रामुख्यानं ओलेइक आम्ल. ते जिवंत मुंगीला लावलं तर बाकीच्या तिला उचलून कचऱ्यात टाकतात, ती पाय झाडत असली तरी. परत आली तरी पुन्हा नेतात, अंग चाटूनपुसून स्वच्छ होईपर्यंत. झर्कांची फाशी अशीच असेल: कोणी हात लावणार नाही, फक्त मृताचा वास लावतील, आणि उद्यापासून तो कोणाच्याही लेखी नाही.

उलटही खरं आहे. काही भुंगेरे मुंग्यांच्या वारुळात राहून तिथला वास अंगाला लावून घेतात आणि घरचेच होऊन जातात. गुलाम करणाऱ्या मुंग्या दुसऱ्यांचे कोष पळवून आणतात, त्यातून निघालेल्या मुंग्या नव्या घरट्यालाच आपलं मानतात. म्हणून कागदावरचा तह झर्कांना कळणार नाही, सही कळणार नाही, शपथ तर नाहीच. दोन झर्क-वसाहती तह करतील तो कोषांची अदलाबदल करून: तुमची दहा पोरं आमच्याकडे वाढतील, आमची दहा तुमच्याकडे. पुढच्या लढाईत समोर स्वतःच्या वासाचे लोक येतील.

माणसांना हे जमण्यासारखं आहे. तुमचा दुभाषा आधीच कैदेत आहे. सम्राटासमोर त्याचं भाषण आहे ते काढून टाका. त्याला त्या भरवणारीच्या दालनात सहा महिने राहू द्या. तिच्या हातचं खाऊ द्या, तिच्या भिंतीला टेकून झोपू द्या. मग सीमेवरच्या आज्यांसमोर त्याला एकट्याला, निःशस्त्र, पाठमोरा उभा करा. त्या जवळ येतील, मिशांनी त्याची मान चाचपतील आणि त्याच्या मागे बसतील. माणसांच्या छावणीला दुर्बिणीतून वाटेल की त्याला घेरलंय, आणि तोफेवरचा हात उचलायचा की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे फार थोडा वेळ असेल. तुमचं शेवटचं प्रकरण मी तिथून सुरू केलं असतं.